चढावरचं घर

कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीतल्या कितीतरी कुटुंबांचा संसार दोन जागी असतो. शेत, गोठा, रोजची चूल नदीकाठी. आणि पुनर्वसनात मिळालेली जागा वर सोनतळीला. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की माणसं जनावरांसकट तिकडं जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जी वेळेत निघाली नाहीत, त्यांना बोटीतून काढावं लागलं. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ च्याही वर. शहरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरीच्या तळमजल्यांत चोपड्या आणि कॉम्प्युटर एकाच पाण्यात भिजले. म्हणून कोल्हापुरात बॅकअप घ्यायचा तर आधी जागेची उंची बघावी.

आमच्या ऑफिसात नवा सर्व्हर आला आणि जुना भंगारात निघाला. भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितला, तेवढ्यात तो बॅकअपसाठी ठेवायचं ठरलं आणि वाचला. बॅकअपला वेग कशाला हवा? जागा हवी आणि भरवसा हवा. ब्लोअर मारून धूळ काढली, जुन्या डिस्क काढून नव्या बसवल्या, त्यावर डेबियन टाकलं. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सीआर २०३२ सेल मेला होता, तोही बदलला. वीज नसताना मशीनचं घड्याळ या सेलवर चालतं, आणि त्याच घड्याळाच्या गजरावर ते रात्री दोनला आपोआप जागं होतं. दिवसभर चालू ठेवलं तर नुसतं बसून शंभरेक वॅट खाईल.

मग ते चढावरच्या एका घरात, वरच्या मजल्यावर गेलं. रात्री उठतं, टॅलीच्या, ड्रॉइंगच्या बदललेल्या तेवढ्याच फायली स्वतः ओढून घेतं, तारीखवार ठेवतं आणि झोपतं. ऑफिसातल्या कुठल्याही मशीनला त्यावर लिहायची मुभा नाही. व्हायरसनं उद्या खाली सगळ्या फायलींना कुलूप घातलं, तरी कालची प्रत वर शाबूत राहील.

बॅकअप चालू आहे एवढ्यावर मात्र निर्धास्त राहू नये. महिन्यातून एकदा वरून एखादी जुनी फाईल खाली आणायची आणि उघडून बघायची; मार्चचं एखादं बिल, एखादं ड्रॉइंग, काहीही. आकडे जुळले, रेषा जागच्या जागी दिसल्या, तरच त्या मशीनचा पगार वसूल.