पाऊण मात्रा मागे

आपल्यापैकी बहुतेकांची इकोशी पहिली ओळख गणपतीच्या मांडवात होते. बक्षीस समारंभ चालू असतो, निवेदक रंगात आलेला असतो आणि मिक्सरवाल्याने इकोचं बटण सढळ हाताने फिरवून ठेवलेलं असतं. ‘रांगोळी स्पर्धेचा निकाल’ एवढं कळतं. पुढचं नाव स्वतःच्याच शेपटीत गुरफटतं, आणि पहिलं बक्षीस कोणाला मिळालं ते एखादी बाई पदर सावरत स्टेजकडे निघाली की समजतं. त्या मिक्सरवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. हाताशी इको असला की तो वाढवावासाच वाटतो. गिटारवाले काही निराळे नसतात, त्यांचं बटण पायाशी असतं इतकंच.

डिजिटल डिलेचं पेडल म्हणजे तळहाताएवढी धातूची पेटी. वर तीन-चार नॉब, खाली पायाने दाबायचा खटका. गिटारची वायर बहुधा उजव्या अंगाने आत येते आणि डाव्या अंगाने ॲम्पकडे जाते. मधल्या मध्ये ही पेटी तुमचा सूर ऐकते, थोडा वेळ जवळ ठेवते आणि पुन्हा वाजवून दाखवते. किती वेळाने, किती वेळा आणि किती मोठ्याने, हे तीन नॉब ठरवतात. बाकी सगळी सजावट. माथेरानच्या इको पॉइंटवर गळा फाटेस्तोवर ओरडलात तरी समोरचा डोंगर आहे तिथेच राहतो. इथे तो बोटाने जवळ ओढता येतो किंवा लांब ढकलता येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. तेव्हा ३७५ मिलिसेकंदांचा डिले लावणं म्हणजे खोलीत बसल्या बसल्या चौसष्ट मीटरवर एक भिंत उभी करणं.

ही भिंत आधी टेपची होती. मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांच्या सन स्टुडिओत, एल्विस प्रेस्लीच्या १९५४-५५ च्या रेकॉर्डवर जो लगेच पाठीला पाठ लावून येणारा एकच पडसाद आहे, तो टेपरेकॉर्डरच्या करामतीचा. आवाज टेपवर उमटवणारं हेड आणि तो वाचणारं हेड यांच्यात जरासं अंतर असतं. तेवढं कापायला टेपला जो वेळ लागतो तेवढा पडसाद मागे पडतो. मग ही युक्ती पेटीबंद झाली. अमेरिकेत एकोप्लेक्स आलं, इटलीत बिन्सनने टेपऐवजी फिरतं चुंबकीय चाक वापरलं, १९७४ मध्ये जपानच्या रोलँडने स्पेस इको काढलं. या सगळ्यांचा आवाज देखणा आणि लाड भारी. टेप झिजते, हेड पुसावी लागतात, मोटर थकली की सूर डुलायला लागतो. १९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी विजेचा भार एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकवत नेणारं सर्किट काढलं आणि फिरणारे भाग गेले. त्या सर्किटवर ॲनलॉग डिले उभे राहिले. त्यांचा पडसाद मात्र लांबवला की मळायचा.

१९८३ मध्ये रोलँडच्याच बॉस या शाखेने डीडी-२ काढलं. रॅकमध्ये बसणारा डिजिटल डिले त्यांनी पायाखाली आणला, आणि त्याला ८०० मिलिसेकंदांपर्यंत स्वच्छ पडसाद देता येत होता. तीनच वर्षांनी डीडी-३ आलं. ते तीन दशकांहून जास्त काळ बाजारात टिकलं, यातच त्याचं प्रशस्तिपत्र आलं.

आत काय चालतं ते एकदा समजून घेतलं तर नॉब फिरवताना हात शहाणा होतो. सूर आत आला की सेकंदाला हजारो वेळा त्याची उंची मोजली जाते आणि तो आकडा स्मृतीत लिहिला जातो. सीडीचा वेग धरला तर सेकंदाला ४४,१०० आकडे. म्हणजे ३७५ मिलिसेकंदांचा पडसाद तुमच्या कानावर येतो तेव्हा त्याच्या मागे साडेसोळा हजार आकडे वाट बघत उभे असतात. लिहिणारा पुढे, वाचणारा मागे, आणि दोघंही एकाच गोल वहीत. शेवटचं पान भरलं की पहिल्यावर पुन्हा लिहायचं. वाचलेला आकडा थोडा कमी करून परत लिहिणाऱ्याच्या हाती दिला की पडसादाचा पडसाद तयार होतो. यालाच फीडबॅक म्हणायचं. परत देताना कमी करायच्या ऐवजी वाढवलात तर प्रत्येक फेरी आधीपेक्षा मोठी होते आणि पेटी आपली आपण बोंबलायला लागते. काही मंडळींना हाच आवाज आवडतो. शेजाऱ्यांना विचारून मगच आवडून घ्यावा.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. पडसाद डागाविना यावा म्हणून इंजिनिअरांनी कितीतरी वर्षं घालवली. तो तसा यायला लागल्यावर वादक म्हणू लागले, फारच कोरडा आहे हो. मग त्याच डिजिटल पेटीत ‘टेप’ आणि ‘ॲनलॉग’ असे मोड आले. त्यांत झिजलेली टेप, थकलेली मोटर आणि मळलेला आवाज गणित करून परत घालतात. मला तरी ही हौस पटते. मागून येणारा सूर पुढच्यापेक्षा थोडा मळका असला की तो मागेच राहतो, पुढच्याच्या अंगावर येत नाही.

पेडल जोडण्यात पांडित्य फार नाही, पण दोन गोष्टींत हयगय करू नये. पहिली वीज. बहुतेक पेडलना नऊ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. घरात पडलेल्या जुन्या खेळण्याचा ॲडॅप्टर बसतोय म्हणून लावायचा नाही; बसणं आणि चालणं यांत पेडल जळण्याइतकं अंतर आहे. डिजिटल पेडल वीज जास्त पितं, साधं असलं तरी पन्नास-साठ मिलिअँपिअर, मोठं असलं तर तीनशेपर्यंत. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी त्याच्यापुढे टिकत नाही. एकाच ॲडॅप्टरवर सगळी पेडलं माळेसारखी लावली तर डिजिटलचं घड्याळ बाकीच्यांत बारीक किणकिणत राहतं. प्रत्येकाला वेगळी वाट देणारा पॉवर सप्लाय महाग पडतो, पण घ्यावा. पावसाळ्यात जॅकमध्ये ओल धरते आणि खरखर सुरू होते. काँटॅक्ट क्लीनरची एक फवारणी आणि जॅक चार वेळा आतबाहेर, एवढ्यावर बहुधा भागतं.

दुसरी गोष्ट क्रम. डिस्टॉर्शन आधी, डिले नंतर. उलट लावलात तर सूर आणि त्याचे सगळे पडसाद एकत्र भरडले जातात, विझत चाललेला पडसादही डिस्टॉर्शन फुगवून पुढे आणतं आणि कानात नुसता चिखल. ॲम्प स्वतःच फाटका आवाज देत असेल तर त्याच्या मागच्या बाजूला ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन भोकं असतात का पाहावं. डिले त्यांच्यामध्ये बसवायचा. व्हॉल्यूमचं पेडल असलं तर ते डिलेच्या आधी ठेवावं. आवाज बंद ठेवून तार छेडायची आणि मग पाय हळूहळू दाबायचा. छेडल्याचा टणत्कार गाळला जातो, सूर गज ओढल्यासारखा उगवतो आणि पाय उचलला तरी मागचे पडसाद चालूच राहतात. तासन् तास यात जातात, आणि गेले तरी वाईट वाटत नाही.

आता वेळ लावायची. सुराने वेळ लावायला जाऊ नका. सूर लांब असतो, त्याची कड सापडत नाही. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवा, तारा मुक्या करा आणि पिकने टक् करा. फीडबॅक शून्यावर, लेव्हल इतकी वर की पडसाद मूळ आवाजाइतकाच मोठा ऐकू येईल. टक् आणि त्याच्या मागून टक्. तोंडाने मात्रा मोजत हा दुसरा टक् हवा तिथे पडेपर्यंत नॉब केसाकेसाने सरकवा. मग फीडबॅक वाढवून दोन-तीन पडसाद घ्या आणि लेव्हल निम्म्याच्या खाली आणा. माझ्या पेडलच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे आहेत, त्यांवर बॉलपेनने रेघा मारल्या आहेत. अंधाऱ्या स्टेजवर त्यांचा मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोग होतो.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला जितक्या मात्रा, त्याने ६०,००० ला भागायचं. उत्तर एका मात्रेचे मिलिसेकंद. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर मात्रा ५०० ची. पण खरी जादू पुऱ्या मात्रेवर नाही, पाऊण मात्रेवर आहे: ३७५. ज्यांनी लहानपणी पाऊणकी घोकली त्यांना हे तोंडी येईल. मात्रेला दोन असे सरळ सूर वाजवत राहा. पहिल्या सुराचा पडसाद दुसरा सूर वाजून गेल्यावर आणि तिसरा यायच्या आत, बरोबर मधल्या फटीत पडतो. दुसऱ्याचा तिसऱ्या-चौथ्याच्या फटीत. हात दोनच वाजवतो आणि कानाला मात्रेला चार ऐकू येतात, तेही असे विणलेले की कुठला सूर हाताचा आणि कुठला पेटीचा हे वाजवणाऱ्यालाही सांगता येऊ नये. पिंक फ्लॉइडचं १९७९ चं ‘रन लाइक हेल’ याच विणीवर उभं आहे, आणि यू२चा गिटारवादक, ज्याला जग ‘द एज’ म्हणतं, त्याने तर यावर घर बांधलं. ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ची सुरुवात हेडफोन लावून ऐका. हात किती साधं वाजवतोय हे लक्षात आलं की आधी थोडी फसवणूक झाल्यासारखं वाटतं आणि मग आदर वाढतो. या विणकामात हात इकडचा तिकडे झाला की पोत लगेच उसवतो. डिले लयीची चूक झाकतो असं म्हणणाऱ्याने पाऊण मात्रेचा डिले लावून वाजवलेलं नाही.

ख्यालाच्या मैफिलीत पेटीवाला गायकाच्या मागोमाग येतो. गायक पुढे काय घेणार हे त्याला ठाऊक नसतं; ऐकलं की बोटांतून काढतो, म्हणून कायम किंचित मागे. चांगला पेटीवाला गायकाच्या आवाजावर चढत नाही, आणि गायक श्वासाला थांबला की ती जागा धरून ठेवतो. डिलेकडून मला हीच संगत हवी असते. पण संगत हवी तर तिच्यासाठी थांबावं लागतं. अखंड वाजवत सुटलात तर पडसादाला पाय ठेवायला जागा उरत नाही. डिले लावल्यापासून माझ्या वाजवण्यातले सूर कमी झाले. जिथे चार घेत होतो तिथे दोन घेतो आणि ऐकतो. फरक असा की पेटीवाला तुमची घसरलेली जागा सांभाळून घेतो. पेडल ती जशीच्या तशी तीन वेळा म्हणून दाखवतं.

पेडलला ऐकू येतं, समजत नाही, याची किंमत आणखी दोन ठिकाणी द्यावी लागते. कॉर्ड बदलली तरी मागचे पडसाद जुन्याच कॉर्डचे असतात. जी मेजरवरून एफवर गेलात की मागे राहिलेला बी सूर एफवर येऊन टोचतो. रागात षड्ज हलत नाही म्हणून लांब पडसाद पुष्कळदा खपून जातो. भूपात तर सुखाने लावावा. पण ललतमध्ये दोन मध्यम लागोपाठ येतात, तिथे फीडबॅक खालीच हवा, नाहीतर दोन्ही मध्यम एकमेकांच्या उरावर बसतात.

दुसरं ठिकाण तबला. आपल्याकडे लय वाढत जाते, ती वाढावी अशीच अपेक्षा असते. पेडल ३७५ वर खिळलेलं; तबलजी मात्र चार आवर्तनांत पुढे निघून गेलेला. क्लिकवर बांधलेल्या गाण्यात हा प्रश्न येत नाही. जिवंत ठेक्याबरोबर वाजवायचं तर टॅप टेम्पोचा खटका असलेलंच पेडल घ्यावं: लय सरकली की पायाने दोन-चार मात्रा ठोकायच्या, ‘पाऊण’चा हिशेब पेटी करते. लयीला धरून पडसाद द्यायचाच नसेल तर ८० ते १२० मिलिसेकंदांचा एकच आखूड पडसाद कुठल्याही लयीत चालतो. त्याच्याही खाली, तीसएक मिलिसेकंदांच्या आत गेलात तर कान दोन आवाज वेगळे ऐकतच नाही. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं. तिथे पडसाद संपतो आणि सूर नुसता जाड होतो.

नवं घेणार असाल तर माझं म्हणणं एवढंच: मोडांची संख्या बघून भुलू नका, टॅप टेम्पो आहे ना ते बघा. जुनं मिळत असेल तर जुनंही चालेल. मात्र आपली गिटार आणि आपली वायर घेऊन जा, प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि खरखर ऐका. आणि दुकानदार लेव्हल पुरी वर ठेवून पेडल दाखवेल, ते ऐकून कोणीही खूष होतो. ती निम्म्याच्या खाली आणायला सांगा, चार सूर वाजवा, थांबा, आणि मग पाकिटाला हात घाला.