आईच्या नावाचा सातबारा

समुद्रपूर, १५ नोव्हेंबर २०२५

दादा,

हमीभावानं कापूस विकायच्या नोंदणीसाठी परवा सातबारा काढला. त्यावर आईचं नाव पाहिलं आणि तुझा प्रश्न आठवला : एवढी माणसं मागे असलेले शेतकरी संघटनेचे शरद जोशी १९९५ ला आपल्या हिंगणघाटात हरले कसे?

मी बाबांचंच सांगते. बायकोच्या नावे जमीन करा, या संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत त्यांनी दोन एकर आईच्या नावे केली. भावकी हसली, बाबा बधले नाहीत. पण मत त्यांनी जोशी साहेबांना दिलं नव्हतं. शेवटच्या आजारपणात एका रात्री मला म्हणाले, "लढायला तो माणूस पाहिजे होता माय, पण काम करून घ्यायला सत्तेतला लागते." त्या निवडणुकीत शिवसेनेचे अशोक शिंदे निवडून आले.

एकाधिकार खरेदी तुला आठवत असेल. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, बंड्या रांगेत, पैसे हप्त्याहप्त्यानं. बाबांना त्याच केंद्रावर चार पैसे जास्त हवे होते. साहेब म्हणत, सक्तीच उठवा, परवडेल तिथे विकू द्या. सरकार बाजूला झालं तर व्यापारी गिळेल, ही बाबांची धास्ती. मला ती खोटी वाटत नाही. पण साहेबांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्नची नोकरी सोडून १९७७ साली आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः पेरून हिशेब मांडला, आणि मगच ते बोलले. म्हणून १९९४ ला त्यांनी काढलेला, राजाजींच्या स्वतंत्र पक्षाच्या वाटेनं जाणारा स्वतंत्र भारत पक्ष मला कधी परका वाटला नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. २००४ ला ते शिवसेना-भाजप युतीच्या पाठिंब्यानं राज्यसभेत गेले आणि ९ मार्च २०१० ला महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध एकट्यानं मत दिलं. १८६ विरुद्ध १. राखीव मतदारसंघ फिरते राहिले तर कोणी ते जपणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते आजही पटत नाही. बायकांच्या नावे जमीन करा म्हणणाऱ्यानं त्या दिवशी आमच्यासोबत उभं राहायला हवं होतं.

२०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला, आणि ऑगस्ट २०२५ पासून कापसाचं आयातशुल्क माफ झालं. भाव चढायच्या वेळी आयात मोकळी आणि निर्यात बंद, या एकतर्फीपणावर साहेब आयुष्यभर बोलले. आज बाबा असते तर त्यांना पुन्हा विचारलं असतं, सरकारवरच भिस्त ठेवायची का?

कापूस आईच्या नावावर, तेव्हा ती मीच येते म्हणाली. गुडघे दुखतात, तरी सोमवारी गाडीत माझ्या शेजारी बसून केंद्रावर येणार आहे.

तुझी,
ताई