पडद्यावरचा दादा

खुशालीचे पत्र हा आपल्या घराघरांतला जुना सोपस्कार. इकडील क्षेम कळवावे, तिकडील क्षेम विचारावे आणि थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद लिहून पोस्टकार्ड पेटीत टाकावे. एवढ्यावर मागच्या पिढ्यांनी वर्षानुवर्षे काढली. पत्रात माणसाचे तोंड दिसत नसे, त्यामुळे तोंड पाहून होणारे गैरसमजही नसत. आता सातासमुद्रापलीकडचा माणूस घरातल्या संगणकावर दिसतो, बोलतो, हसतो. तरीही आमच्या घरात गेल्या दोन वर्षांत जेवढे गैरसमज झाले, तेवढे पत्रांच्या काळात झाले नसतील असे मला वाटते.

दूरच्या माणसाला समोर पाहत बोलावे ही हौस तशी नवी नाही. १९३६ साली जर्मनीत बर्लिन आणि लाइपझिग या दोन शहरांमध्ये चित्र दाखवणारा दूरध्वनी सुरू झाला होता. लोकांनी पोस्टाच्या खास कक्षात जाऊन बसायचे आणि दुसऱ्या गावच्या माणसाला पडद्यावर पाहत बोलायचे. १९४० साली युद्धाच्या धामधुमीत ती सेवा बंद पडली. पुढे १९७० साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे एका दूरध्वनी कंपनीने असाच प्रयोग केला. त्याचे महिन्याचे भाडे १६० डॉलर असल्याने गिऱ्हाईक फिरकले नाही. २००३ साली स्काइप आला, त्यात पुढे चित्रही आले आणि मे २०२५ मध्ये तो स्काइपही इतिहासजमा झाला. साधने येतात आणि जातात. माणसाची माणसाला पाहण्याची भूक मात्र तशीच राहते.

आमचे घर रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. २०२० साली टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली, तेव्हा दादाच्या वर्गांसाठी घरी संगणक आला. शिक्षण पुरे करून दादा जर्मनीला नोकरीला गेला आणि संगणक मागे राहिला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोन वाजता त्याच्यापुढे आमचे सारे घर जमते. तिकडे त्या वेळी हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेदहा झालेले असतात. आजी सर्वांत पुढे खुर्चीवर, बाबा मागे उभे, आई दाराशी आणि मी यंत्रापाशी, अशी आमची बैठक.

पहिल्या हिवाळ्यात आजीने एकाएकी डोळ्याला पदर लावला. "पोराचं तोंड काऊन काळवंडलं रे बापू? तिकडे उपाशी राह्यते काय तो? अन् माह्याकडे पाहत बी नाही. खाली मान घालून बोलते." बाबांनी समजूत घातली, पण आजीचे जेवण त्या दिवशी नीट झाले नाही. दादा तर धडधाकट होता! तो पाठीमागे खिडकी ठेवून बसला होता, एवढेच. बाहेर बर्फावरचा लख्ख उजेड आणि आत अंधारी खोली. कॅमेरा सगळ्या चित्राचा मिळून उजेड मोजतो. मागची खिडकी झगझगीत असली की तो एकूण उजेड कमी करतो आणि माणसाचे तोंड काळे पडते. दादाने टेबल फिरवून खिडकी तोंडासमोर घेतली, त्या रविवारी आजी म्हणाली, "आता बरा दिसते." औषधपाणी न करता दादा बरा झाला!

खाली मान घालण्याचे कोडेही असेच सुटले. पडद्यावर समोरच्याचे डोळे जिथे दिसतात तिथे कॅमेरा नसतो. तो वर किंवा बाजूला असतो. आपण समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो तेव्हा त्याला आपली नजर खाली झुकलेली दिसते. दादाने त्याचा लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर चढवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणला. आमच्या बाजूला मी कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी आजीचीच एक जुनी टिकली चिकटवली आणि तिला सांगितले, "बोलताना टिकलीकडे पाहायचे." आजीला हे विचित्र वाटले, पण दादा तिकडून म्हणाला, "आजी, आज तू माझ्याकडे पाहिलंस." त्यानंतर ती टिकली कोणी काढली नाही.

आजीला कमी ऐकू येते. ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून अर्धे शब्द ओळखते. हे काही तिचे एकटीचे नाही. १९७६ साली मॅगर्क आणि मॅक्डोनाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की धडधाकट कानांचा माणूसही ओठ पाहून ऐकत असतो. ओठांची हालचाल एका अक्षराची आणि आवाज दुसऱ्याचा असेल, तर त्याला तिसरेच अक्षर ऐकू येते. जाणकार सांगतात की जोड क्षीण असेल तेव्हा चित्र बंद करून नुसता आवाज ठेवावा. ते शास्त्रशुद्धच आहे. आवाजाला सेकंदाला शंभर किलोबिटही पुरतात, ठसठशीत चित्राला त्याच्या दहापट लागतात. पण आमच्या आजीचे चित्र बंद केले तर तिचा अर्धा कान बंद होतो. म्हणून आम्ही चित्र बंद न करता त्याचा दर्जा एक पायरी खाली आणला आणि आजीच्या कानांवर हेडफोन चढवला. त्याचा आणखी एक लाभ झाला. पूर्वी दादाला स्वतःचेच शब्द मागून ऐकू येत, कारण आमच्या स्पीकरचा आवाज आमच्याच माइकमध्ये शिरून परत जाई. प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो, त्याच्या यंत्रात सहसा दोष नसतो. तो पलीकडच्या घरात शोधावा लागतो.

इथवरच्या गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या होत्या. एक गोष्ट मात्र तशी नव्हती.

गेल्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर दादाने बाबांना सुचवले, की आता शेत बटईने द्यावे, गुडघे दुखत असताना राबू नये. बाबा काही बोलले नाहीत. दादाने पुन्हा विचारले, नेमके त्याच वेळी बाबांचे उत्तर सुरू झाले. दोघे एकदम थांबले, पुन्हा एकदम बोलले. बाबांना वाटले, पोरगा आपले वाक्य तोडतो. दादाला वाटले, बाबा मुद्दाम गप्प बसतात. "तुला बोलायचेच असेल तर तूच बोल," असे म्हणून बाबा उठले. त्यानंतरचे दोन रविवार ते पडद्यासमोर आले नाहीत.

माणसांच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात फार थोडा अवधी जातो. जगातल्या दहा भाषांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात तो सरासरी एक पंचमांश सेकंद भरला. त्याहून लांबलेली शांतता आपल्याला नकारासारखी, रागासारखी वाटते. २०१४ साली जर्मन संशोधकांनी दाखवले की आवाज उशिरा पोहोचला तर ऐकणारा त्याचा दोष तारेला देत नाही. पलीकडचा माणूसच बेफिकीर आहे, असे तो समजतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी, की आवाजाची एका बाजूची दिरंगाई शक्यतो दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावी.

मग आमची दिरंगाई कुठे होत होती? सर्वांना वाटे, जर्मनी लांब, म्हणून. पण काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. साडेसहा-सात हजार किलोमीटरांचे सरळ अंतर त्याला सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याचे काम. रस्ता वळणावळणाचा धरला तरी फार तर तिप्पट. खरा खोळंबा आमच्याच घरात होता. इंटरनेटची पेटी ओसरीत आणि संगणक माजघरात, मध्ये दीड हात जाडीची मातीची भिंत. त्यातच धाकटा भाऊ त्याच वेळी सिनेमा उतरवून घेई. सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीच्या फाटकाशी ट्रॅक्टरांची रांग लागलेली आपण पाहतो. मागे एखादा माणूस डोक्यावर पायलीभर तूर घेऊन उभा असला तरी त्याला रांग सुटत नाही. आमच्या पेटीत बाबांचे शब्द तसे सिनेमाच्या ट्रॅक्टरांमागे उभे राहत होते.

मी ओसरीपासून माजघरापर्यंत एक लांब लॅन केबल ओढली. रविवारी दोन ते तीन या वेळात घरात दुसरे काही उतरवायचे नाही, असा दंडक आईने घातला. वीज गेली तरी पेटी चालू राहावी म्हणून तिला एक छोटी बॅटरी जोडली. तिसऱ्या रविवारी आजीने बाबांना हाताला धरून आणून बसवले. त्या दिवशी कोणी कोणाचे वाक्य तोडले नाही.

शेत बटईने द्यावे की नाही, यावर बाबांचे आणि दादाचे अजूनही एकमत झालेले नाही. बाबा म्हणतात, आणखी दोन हंगाम होतात माझ्याच्याने. दादा म्हणतो, गुडघे गेले तर हंगाम काय कामाचे. पण आता बाबा गप्प बसले तर ते विचार करत आहेत हे दादाला कळते, आणि दादाचा आवाज चढला तर त्यात काळजी आहे हे बाबांना ऐकू येते. केबलने त्यांचा वाद मिटवला नाही. वादातला किती भाग त्यांचा आणि किती तारेचा, हे तेवढे निवडून दिले.

आपल्यापैकी कितीतरी जणांचे भाऊ-बहीण पुण्या-मुंबईला आहेत, काहींचे त्याहून दूर. उद्या आपणही जाऊ, आणि इकडे कोणी आजी पडद्यासमोर खुर्ची ओढून बसेल. तिच्यासाठी महागडे यंत्र घेण्याची गरज नाही. उजेड तोंडावर घ्यावा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, हेडफोन लावावा, पेटीपर्यंत केबल ओढावी आणि तिचे बोलणे संपल्यावर क्षणभर थांबावे. तिचा शब्द अजून वाटेत असेल.