बारा रिंगांचा बखेडा

ॲबिंग्डन

तीर्थरूप दादांच्या सेवेशी,

आपले पत्र पावले. ‘पिस्टनच्या रिंगा क्रोमच्याच घाल, चार पैसे अधिक गेले तरी चालतील’ हा आपला हुकूम मी दोनदा वाचला, आणि आपला शब्द मोडण्याचे प्रसंग आजवर बोटांवर मोजण्याइतकेच आले असले तरी या खेपेस तो मोडण्याची परवानगी मिळावी म्हणून हा अर्ज करीत आहे.

प्रथम हकीकत. ही एम.जी. टीडी गाडी याच गावच्या कारखान्यातली, १९४९ ते १९५३ या काळातली. इंजिन चार सिलिंडरांचे, १२५० सी.सी., मूळ बोअर ६६.५ मिलिमीटर. विकणाऱ्याच्या कागदपत्रांत ‘बोअर मूळचाच’ असा स्वच्छ शेरा होता, म्हणून इंजिन उतरविण्यापूर्वीच त्या मापाच्या रिंगा मागवून बसलो. पुढे पहिली रिंग सिलिंडरात सोडून, पिस्टन उलटा धरून त्याच्या माथ्याने ती सरळ खाली सरकविली, तो तिच्या दोन टोकांमध्ये १० थाऊऐवजी (थाऊ म्हणजे इंचाचा सहस्रांश) अष्टमांश इंचाहून मोठी खिंड! पिस्टनवरचा कार्बन खरवडला तेव्हा खाली ‘०४०’ हा ठसा निघाला. व्यास ४० थाऊने वाढला की परीघ त्याच्या तिपटीहून अधिक वाढतो, हा शाळेतला हिशेब बिडाच्या एका कड्याने मला पुन्हा शिकविला, आणि दप्तरचा दाखला खोटा ठरला.

आता मूळ वाद. क्रोमचा थर कठीण, आणि आपल्याकडच्या धुळीत तोच हवा, हे आपण जन्मभर ट्रकांची इंजिने खोलून सिद्ध केले आहे. परंतु तोच कठीणपणा बोअरशी जुळून येण्यास विलंब लावतो. रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीस टेकते खरी, पण तिला खरा रेटा देतो तो ज्वलनाचा वायू, जो खाचेत तिच्या पाठीमागे शिरून तिला बाहेर दाबतो. त्या दाबाखाली ती होनिंगच्या तिरप्या रेघांवर घासून पहिल्या काहीशे मैलांत बसली तर बसली, नाहीतर भिंतीवर चकचकीत झिलई चढते आणि गाडी ऑईल पीत राहते. माझी स्वारी वर्षाकाठी हजारभर मैल, तीही उन्हाळ्यातील रविवारी, पावसाने धुऊन निघालेल्या रस्त्यांवर जाणार. रिंगांना दीर्घायुष्यापेक्षा लवकर बसणे अगत्याचे, म्हणून साध्या बिडाच्या, ४० थाऊ ओव्हरसाइझ रिंगा मुक्रर केल्या आहेत.

सिलिंडरांच्या तोंडाशी नखाला लागणारी झिजेची कड होती. नवी रिंग तिच्यावर आदळून मोडते. अशा बोअरसाठी माथ्याशी पायरी कापलेल्या रिंगा मिळतात, पण ती मला रोगाशी केलेली तडजोड वाटली. कडच काढून घेतली. (एवढे करूनही गाडीखाली तेलाचा डाग पडायचा तो पडेलच, कारण या इंजिनात क्रँकच्या मागल्या टोकाला तेल परतविणारे नुसते आटे आहेत, सील नाही; त्याचा ठपका कृपा करून माझ्या रिंगांवर ठेवू नये.)

झीज सर्वांत कमी असते तेथे, म्हणजे बोअरच्या तळाकडे, फीलर गेज घालून या नव्या बाराही रिंगा तपासल्या. अकरा १० ते ११ थाऊंत बसल्या. चौथ्या सिलिंडरची वरची मात्र ८ भरते, तिची टोके कानशीने हलकेच घासावयाची आहेत. आपले उत्तर येईपर्यंत कानस हाती धरीत नाही. ब्लॉकला तेलाचा हात देऊन तो गोणपाटाखाली झाकून ठेवला आहे.

वहिनींस नमस्कार.

आपला आज्ञाधारक (एवढी एक गोष्ट वगळून) धाकटा बंधू