करड्या छटांचं ऋण

‘स्कायरिम’ या २०११ सालच्या खेळातलं चिलखत कुठे चकाकतं आणि कुठे मंद राहतं, हे त्याच्या रंगावर ठरत नाही. रंगाच्या चित्रासोबत आणखी एक फाइल असते, पृष्ठभागाचा उंचसखलपणा सांगणारी, नॉर्मल मॅप. तिच्यात लाल, हिरवा, निळा या चॅनेलांच्या जोडीला चौथा असतो अल्फा. एरवी अल्फा म्हणजे पारदर्शकता. अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो चित्राला जोडला, तो एका चित्रावर दुसरं बसवता यावं म्हणून. इथे मात्र खेळाचं इंजिन तोच आकडा चकाकी म्हणून वाचतं. ० म्हणजे मंद, २५५ म्हणजे पूर्ण झळाळी.

एवढं कुणीही सांगेल. पण कुठे किती द्यायचं, हे मला शिकवलं साताऱ्यात आमच्या घराच्या खालीच फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या काकांनी. त्यांनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळला नव्हता.

काका निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने रीटचिंग करणाऱ्या पिढीतले. एकदा माझ्या लॅपटॉपवरचं त्याच खेळातलं शिरस्त्राण बघून म्हणाले, “हे लोखंड नाही गं, प्लास्टिक आहे.” कारण तांत्रिक होतं. मला मिळालेली फाइल डीएक्सटी-१ या प्रकारात साठवलेली होती. त्यात करड्या छटांचा अल्फा मावतच नाही, म्हणून सगळीकडे सारखीच झळाळी. मी गिंप या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये अल्फासाठी लेअर मास्क घालून काळ्या-पांढऱ्यात रंगवायला घेतलं, तशी काळा केलेला भाग पडद्यावरून नाहीसा होऊन तिथे नुसत्या चौकटी दिसू लागल्या. मी थबकले. काकांनी मास्क तेवढा वेगळा दाखवायला सांगितला आणि म्हणाले, “ही तर निगेटिव्हच. निगेटिव्हमध्ये चेहरा कुठे चेहऱ्यासारखा दिसतो? छापल्यावर बघायचं.”

मग त्यांनी घरातून पितळी तांब्या आणला, खिडकीशी धरला आणि हळूहळू फिरवला. पोटावर, जिथे रोज हात लागतो, तिथे उजेड लखकन् उठत होता. गळ्याखाली घासताना चिंच पोचत नाही, तिथे पितळ काळवंडलेलं. पोचा आलेल्या जागी कडा उजळ, आत मंद. त्या संध्याकाळी शिरस्त्राणाच्या कपाळपट्टीवर मी जवळजवळ पांढरा दिला, रिव्हेटांच्या भोवती गडद करडा, आतल्या चामड्यावर काळ्याच्या जवळचा. करड्या छटांचा अल्फा मावणाऱ्या डीएक्सटी-५मध्ये साठवून खेळ सुरू केला. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “आता वजन आलं.”

पुढे मी याच कामात पडले. २००४च्या ‘हाफ-लाइफ २’च्या इंजिनात रंगाच्या फाइलमधला अल्फा वापरला की हिशेब उलटा होतो, काळ्या जागी प्रतिबिंब उमटतं, हेही शिकले. पीएनजी साठवताना पूर्ण पारदर्शक पिक्सेलांखालचे रंग राखायचा पर्याय निवडला नाही, तर ते रंग जाऊ शकतात, हेही. ही माहिती शोधली की सापडते. तांब्या उजेडात धरून फिरवणारा माणूस शोधून सापडत नाही, तो भेटावा लागतो. काकांशी माझं नातं रक्ताचं नव्हतं, आणि शिकवल्याचा एक पैसाही त्यांनी कधी घेतला नाही.

टेक्श्चरचं काम करणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, मास्कवर ब्रश ठेवण्याआधी ती खरी वस्तू हातात घ्या आणि खिडकीशी जा.