समुद्रकाठची हिरवळ आणि पाण्यातले मीठ

वाचकहो, अमेरिकेच्या नकाशात पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को शहर शोधा. तिथून दक्षिणेला सुमारे १९० किलोमीटरवर, कार्मेलच्या उपसागराकाठी पेबल बीच नावाचे गाव आहे. इथे अगदी समुद्राच्या कड्यावर गोल्फचे मैदान आहे. ते १९१९ साली सुरू झाले.

गोट्यांच्या खेळात गल असते ना, तसाच हा खेळ. फक्त गोटीऐवजी चेंडू, बोटांऐवजी काठी आणि गल शेकडो हात लांब. अशा अठरा जागा, आणि प्रत्येक गलीभोवती गालिच्यासारखे बारीक कापलेले गवत.

खाली निळा समुद्र, वर वाऱ्याने वाकलेले सायप्रसचे वृक्ष. पाहणाऱ्याला वाटावे, इथे पाण्याला काय तोटा! पण खारे पाणी या गवताला चालत नाही. पाऊस वर्षाकाठी सुमारे २० इंच, तोही हिवाळ्यात. मे ते सप्टेंबर आभाळ जवळजवळ रिकामे. भोवतालच्या टेकड्यांवरचे गवत तेव्हा वाळून पिवळे पडते. तेव्हा ही हिरवळ म्हणजे बारमाही बागायतच समजा.

या भागाची तहान मुख्यतः कार्मेल नदी आणि तिच्या खोऱ्यातल्या विहिरी भागवत आल्या. १९७६-७७ च्या दुष्काळात इथे घरोघरी पाणी मोजून वापरावे लागले. माणसांना पाणी मोजून द्यायचे आणि खेळाच्या गवताला पिण्याचे पाणी पाजायचे, हे कसे चालणार?

म्हणून १९९४ पासून गावाचे सांडपाणी शुद्ध करून मैदानांना देण्यास सुरुवात झाली. पाणी दिसायला स्वच्छ होते, रोगजंतूही मारलेले होते. पण त्यात घरगुती वापरातून आलेले मीठ, म्हणजे सोडियम, उरले होते. नाजूक गवताला ते सोसेना. मग मातीतले मीठ धुऊन खाली घालवण्यासाठी पुन्हा पिण्याचेच पाणी सोडावे लागे. जे वाचवायचे, तेच खर्ची पडू लागले!

अखेर मीठही गाळून काढणारी यंत्रणा बसवली गेली. एका जुन्या तलावाची दुरुस्ती झाली. हिवाळ्यात गवताला पाणी कमी लागते. तेव्हाचे शुद्ध केलेले पाणी तलावात साठवायचे आणि उन्हाळ्यात वापरायचे, अशी घडी बसली.

हा पैसेवाल्यांचा खेळ. एवढी महाग यंत्रणा त्यांना परवडली. आपल्या पिकाला ती परवडणार नाही. पण मातीचा कायदा दोघांना सारखाच. उसाच्या पट्ट्यात पांढरी पडलेली क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तेव्हा नव्या बोअरचे किंवा नाल्याचे पाणी रानाला देण्याआधी एक बाटली भरून प्रयोगशाळेत तपासून घ्या. निवळशंख पाण्यातही मीठ असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.