अंगठी आणि बोट

घाटकोपर पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गापासून थोडे आत, पाइप, नटबोल्ट आणि लोखंडी सामानाचे एक दुकान आहे. दुकानामागेच गोदाम. मूळचे सांगलीकडील हे कुटुंब दोन पिढ्यांपासून मुंबईत स्थिरावलेले. गल्ल्यावर अण्णा बसतात. माल उतरवून घेणे, मोजणे, रचून ठेवणे ही कामे थोरला मुलगा पाहतो. हमाल असतात, तरी घाईच्या दिवशी तो स्वतः टेम्पोत चढतो. व्यापारी घरात असल्या श्रमांचा कोणाला कमीपणा वाटत नाही.

त्याच्या बोटात साखरपुड्याची अंगठी होती. २२ कॅरट सोन्याची, सासऱ्यांनी हौसेने घडवून घेतलेली. लग्नाला तीन वर्षे झाली, पण ती एकदाही बोटातून निघाली नव्हती. काढली तर कोणाला काय वाटेल, हा संकोच. आणि हरवली तर काय, ही धास्ती.

पावसाळ्यातील एका सकाळी माल उतरवून तो टेम्पोच्या फाळक्यावरून खाली उतरत होता. अंगठी फाळक्याच्या कडीत अडकली. पाय जमिनीला टेकले आणि हात क्षणभर वरच राहिला. सुदैवाने कडी गंजलेली होती, ती तुटली. अंगठी चेपून लंबगोल झाली, बोट पाहता पाहता सुजून काळेनिळे पडले. साबण लावून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला, अंगठी हलेना. अखेर जवळच्या रुग्णालयात लहानशा दातेरी चक्रीने ती कापून काढावी लागली. बोट वाचले. ‘कडी तुटली नसती, तर बोट तुटले असते,’ एवढेच डॉक्टर म्हणाले.

ते अतिशयोक्तीने बोलत नव्हते. अडकलेल्या अंगठीवर शरीराचा सारा भार एकदम आला, की बोटाची त्वचा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू हातमोजा उतरावा तसे सोलून निघू शकतात. जेम्स अर्बानियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अशा दुखापतींचे तीन वर्ग मांडले. पहिल्यात बोटाचा रक्तपुरवठा टिकून असतो, दुसऱ्यात तो खंडित झालेला असतो आणि तिसऱ्यात बोट पूर्णपणे सोलले किंवा तुटलेले असते. ही आपत्ती केवळ गोदामात किंवा कारखान्यातच ओढवते असेही नाही. अमेरिकेतील दूरचित्रवाणी कलावंत जिमी फॅलन २०१५ च्या जून महिन्यात घरच्याच स्वयंपाकघरात अडखळून पडले. लग्नाची अंगठी ओट्याच्या कडेला अडकली. बोट वाचविण्यासाठी सहा तासांची शस्त्रक्रिया झाली आणि दहा दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले.

त्या संध्याकाळी घरात अंगठीचे दोन तुकडे रुमालावर ठेवले होते. आईच्या डोळ्यांत पाणी होते. ‘लग्नाची खूण अशी कापली जाणे बरे नव्हे,’ त्या पुन्हा पुन्हा म्हणत. सून बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, ‘आई, खूण कापली म्हणूनच बोट राहिले ना?’

चार दिवसांनी तिने एक लहानशी डबी आणली. तीत राखाडी रंगाची सिलिकॉनची अंगठी होती, काही शे रुपयांची. आईंनी ती हातात घेऊन दाबून पाहिली आणि बाजूला ठेवली. ‘हे रबर लग्नाचे? उद्या व्याही आले तर काय म्हणतील?’

सिलिकॉन म्हणजे नेमके रबर नव्हे. सिलिकॉन आणि प्राणवायू या मूलद्रव्यांच्या साखळीपासून बनलेला तो मऊ, ताणला जाणारा पदार्थ आहे. त्याची पातळ अंगठी जोराचा हिसका बसला की तुटते. सोन्याची चेपते, पण सहसा सुटत नाही. बोट सुजले तर सिलिकॉनची अंगठी घरच्या कात्रीनेही कापता येते. सोने विजेचे उत्तम वाहक आहे, सिलिकॉन नाही. मोटारीच्या बॅटरीवर काम करताना पान्याचा आणि धातूच्या अंगठीचा संबंध जुळला, तर १२ व्होल्टनेही अंगठी तापून बोट भाजू शकते. म्हणूनच गॅरेजवाले, वायरमन, माल उचलणारे आणि व्यायामशाळेत वजने उचलणारे तरुण तिच्याकडे वळतात.

तरीही तिचा अर्थ ‘आता भय नाही’ असा घेऊ नये. लेथ, ड्रिल यांसारख्या फिरत्या यंत्राजवळ कोणतीच अंगठी नको, सिलिकॉनचीही नको. जाड पट्टी असेल तर ती सहज तुटतही नाही. शिवाय मुंबईच्या दमट हवेत तिच्याखाली घाम साचून त्वचेला खाज सुटते. रोज रात्री ती काढून, धुऊन, कोरडी करून ठेवावी लागते.

व्याह्यांचे काय, हा आईंचा प्रश्न मात्र पदार्थविज्ञानाने सुटणारा नव्हता. पण अंगठीचा मान धातूवर ठरतो का, हे इतिहासाला विचारता येते. प्राचीन रोममध्ये वाग्दत्त वधूला लोखंडी अंगठी पाठविण्याची रीत होती, अशी नोंद प्लिनीने करून ठेवली आहे. पुरुषाने लग्नाची अंगठी सतत घालण्याची चाल तर पाश्चात्त्यांतही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फोफावली. आपल्याकडे ती साखरपुड्याच्या वाटेने आली. त्या घरातील आजोबांच्या लग्नाच्या छायाचित्रात त्यांची बोटे रिकामीच आहेत, आणि त्यांचा संसार बावन्न वर्षे झाला.

शेवटी बोलले ते अण्णा. ‘दुकानाची रोकड रात्री आपण कोठे ठेवतो?’

‘तिजोरीत,’ मुलगा म्हणाला.

‘ती गल्ल्यात नाही म्हणून आपली पत जाते का? मौल्यवान वस्तू जपून ठेवायची असते. आणि त्या अंगठीपेक्षा हा हात मोलाचा आहे. त्यावर सहा माणसांचे घर चालते.’ मग पत्नीकडे वळून ते म्हणाले, ‘व्याह्यांना मी सांगतो.’

त्यांनी सांगितलेही. सासरे दुसऱ्याच दिवशी मुलुंडहून आले. जावयाचे बोट निरखून पाहिले, तुकडे खिशात घातले आणि पंधरवड्यात आपल्या सोनाराकडून अंगठी जोडून आणली. सांधा बारकाईने पाहिला तरच दिसतो. आता ती कपाटात असते. सणासमारंभाला आणि लग्नाच्या वाढदिवशी बोटात येते.

राखाडी अंगठीसाठी दारालगतच्या फळीवर, चाव्यांच्या शेजारी, एक वाटी ठेवली आहे. सकाळी मुलगा चप्पल घालू लागला की स्वयंपाकघरातून आईंचा आवाज येतो, ‘रबराची घातलीस ना?’